झाकण उघडण्याआधी

पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कामगारांना सुरक्षेचे नियम शिकवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी हवेत होते. लिंबायतमध्ये लूम चालवणाऱ्या बापाची मी पोरगी. हातात माईक घेऊन हॉलमध्ये उभं राहायचं याचाच मला केवढा रुबाब वाटायचा. पाळी संपवून आलेली माणसं डोळे ताणून बसायची आणि मी हिंदीत धडाधड बोलत सुटायचे. शेवटी विचारायचे, "समझ में आया?" सगळे माना हलवायचे. मला ते खरं वाटायचं.

एक दिवस शेठनी बोलावून घेतलं. म्हणाले, "बेन, मशीन बंध राखीने क्लास नहीं चाले. मोबाइल पर मूको." मशीन थांबवून वर्ग नकोत, धडे मोबाइलवर टाका. मी मनातून फुरंगटले. समोर माणूस नसताना कोण शिकणार? तरी पाच-पाच मिनिटांचे धडे केले. घरी तपासून बघत होते, तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हाई कोनले समजी? आपली बोलीमा सांग ना." म्हणून प्रत्येक धडा हिंदीबरोबर अहिराणीतही केला. काही जण धडा नुसता चालू ठेवून गप्पा मारतात हे कळल्यावर प्रत्येक धड्याच्या शेवटी एक प्रश्न टाकला आणि उत्तर बोलून पाठवायची सोय केली.

त्यानंतर चौथ्या दिवशी एक बोललेला निरोप आला. कापड उकळत्या रंगात फिरवणाऱ्या बंद जेट मशीनवर काम करणारे, मिशा पांढऱ्या झालेले एक काका होते, त्यांचा. हॉलमध्ये ते कायम भिंतीला टेकून बसायचे, तोंडातून शब्द नाही. निरोपात तापमानाच्या काट्याबद्दल म्हणत होते, "ताई, तुम्ही सांगं, काटा ऐंशीना खाले उना का झाकन उघाडा. आमनी जुनी मशीनवर आसं करू नका. तो काटा खोटं बोलस."

दुसऱ्या दिवशी मी थेट त्यांच्या मशीनवर गेले. त्यांनी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा चकाकता वण होता. "आधी वाफ सोडानी," ते म्हणाले, "आवाज बंद हुयना, मंगच झाकन."

"काका, एवढं माहीत होतं तर हॉलमध्ये कधी का नाही बोललात?"

"तठे समदा ऐकतस ना, ताई. चुकनं तर हसतीन. आनि तुम्ही बोलतस घाईमा. मी इचार करस, तवपर्यंत तुम्ही पुढे. फोनवर मी तुमले थांबाडस. तो धडा मी सात-आठ डाव ऐका."

माझा चेहरा तापला. तो धडा तिन्ही पाळ्यांनी बघितला होता. मी उभ्या उभ्या तो काढून टाकला आणि मेंटेनन्सच्या इंजिनियरला बोलावलं. त्याने दुसरा थर्मामीटर लावून पाहिलं. जुना काटा खरंच बराच खाली दाखवत होता. तो त्याच दिवशी बदलला. दुपारी मी मोबाइल घेऊन काकांसमोर उभी राहिले. तोंड दाखवायला ते तयार होईनात, म्हणून नुसते त्यांचे हात टिपले: आधी व्हॉल्व्ह, मग थांबणं, मग झाकण. आवाज त्यांचाच. संध्याकाळच्या पाळीचे लोक आत शिरण्याआधी नवा धडा प्रत्येकाच्या फोनवर होता. हॉलमध्ये चुकीचं बोलून बसले असते, तर त्या सगळ्यांना मी कुठून परत गोळा करणार होते? आणि मुळात चूक झाली हे मला सांगितलं कोणी असतं?

त्यानंतर निरोपांची रांगच लागली. उडिया कामगारांनी त्यांच्या भाषेत धडे मागितले, आणि त्यांच्यातल्याच एकाने ते बोलून दिले. रंग तोलणाऱ्या बाईंनी हातमोज्यांबद्दल असा प्रश्न विचारला की मला पुरवठादाराला फोन करावा लागला. मी आता कमी बोलते आणि जास्त ऐकते, आणि या कामात मी पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली आहे, हे मी बिनधास्त सांगते.

गेल्या आठवड्यात मी केमिकलच्या ड्रमांवर नवा धडा केला आणि टाकण्याआधी काकांना ऐकवला. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकला.

"बराबर शे," ते म्हणाले. "पन लांब हुयी गया, ताई. अर्धा काटी टाका."

मी अर्धा कापला.