न धुतलेली गाडी

"काका, बाबा उठत नाहीत."

दिगू फणसे गेल्याचं मला असं कळलं. त्याची मुलगी नलू सकाळी आमच्या फाटकाशी उभी होती. पंधरा वर्षांची, जयपुरातच वाढलेली, मराठी अडखळत बोलणारी. एवढं वाक्य मात्र न अडखळता बोलली. त्याला आता दोन महिने होतील...

दिगू विम्याच्या ऑफिसात अधिकारी, मूळचा रत्नागिरीकडचा. बदलीवर आला आणि इथलाच झाला. टोंक रोडवर, गोपालपुऱ्याच्या अलीकडे, आमची घरं शेजारी शेजारी. तेव्हा इकडे वस्ती अशी नव्हतीच; दिवसाकाठी दोन बसगाड्या, बाकी सगळी धूळ. त्यानं एक जुनी विलायती मोटार घेतली आणि तिच्यावर जीव टाकला. सकाळी इंजिन सुरू केलं की बॉनेट उघडून, डोळे मिटून ऐकत राहायचा. इंजिन थरथरलं, मधेच एखादा ठोका चुकला, की ते चालू असतानाच कोरड्या फडक्यात धरून प्लगची एकेक वायर काढायचा. वायर काढल्यावर आवाज आणखी बिघडला तर तो सिलिंडर ठीक. काहीच फरक पडला नाही तर चोर तोच! "आधी ऐकायचं, मग हलवायची," हे त्यानं मला शंभरदा ऐकवलं असेल. मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक, मला या पूजेची गंमत वाटायची. "दिगू, आता घंटा वाजव आणि प्रसाद वाट," मी म्हणायचो.

अकरा वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात माझ्या मेहुण्याला आमेरचा किल्ला दाखवायला मी ती गाडी मागून नेली. परतलो तेव्हा ती धुळीनं माखली होती. मागून आणलेली वस्तू घाण परत करायची नाही, ही आमच्या घरची शिस्त. संध्याकाळी मी गाडी धुतली, हौसेनं बॉनेट उघडून इंजिनावरही दोन बादल्या ओतल्या, बाहेरून पुसून लख्ख केली आणि किल्ली कुसुमवहिनींच्या हातात दिली. त्यांना आठवा महिना होता. "भाऊजी, इतकी चकचकीत! हे ओळखायचे नाहीत हं," त्या हसून म्हणाल्या. त्यांचं माझ्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी, मी कॉलेजला गेल्यावर, वहिनींना रक्तस्राव सुरू झाला. दिगूनं त्यांना मागच्या सीटवर निजवलं आणि त्या एका दिवशी इंजिन थरथरत असतानाच गाडी हलवली. मैलभरावर ती बंद पडली. अर्धा तास तो बॉनेटमध्ये डोकं घालून होता. शेवटी एक ट्रक थांबला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत वहिनी गेल्या होत्या, पोटातलं बाळही गेलं होतं. मला दिगू एवढंच म्हणाला, "कॉइल गेली रे ऐन वेळी. जुनीच होती." मी इंजिनावर ओतलेल्या पाण्याचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. पण मी विचारलं नाही. कॉइलवर विश्वास ठेवणं सोयीचं होतं.

त्यानंतर दिगूनं गाडी कधी धुतली नाही. काचा तेवढ्या पुसायचा. रोज सकाळी मात्र, सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात ते गोल झाकण उघडून फडक्यानं आतून कोरडं करायचा, आणि मगच किल्ली फिरवायचा. लोक हसायचे. मीही हसलो. "दिगू, टपावर बाजरी पेर, पीक येईल," असं मी चारचौघांत म्हणालो होतो. तो नुसता हसला.

दिगूच्या तेराव्याला अजमेरी गेटजवळचे, त्याची गाडी दुरुस्त करणारे मिस्त्री रहीमभाई आले. त्यांच्याशी बोलताना मी त्या कॉइलचा विषय काढला. ते माझ्याकडे बघतच राहिले. "कॉइल? कॉइल तो आज भी वही लगी है, प्रोफेसर साहब. डिस्ट्रीब्यूटर में, उस गोल ढक्कन के नीचे, पानी था. किसी ने इंजन धो दिया था. साहब ने रास्ते में ही देख लिया, पोंछ भी दिया, पर तब तक बैटरी बैठ गई थी. मुझसे बोले, रहीम, यह बात यहीं रहने दो."

अकरा वर्षं! अकरा वर्षं तो रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर चहा प्यायला, माझ्या मुलाच्या मुंजीत पंगतीला वाढत फिरला, आणि त्याला माहीत होतं. मला त्याचा राग आला, अजूनही येतो. त्यानं एकदा तरी मला शिव्या घालायला हव्या होत्या.

तीन आठवड्यांपूर्वी नलू बादली भरून गाडीपाशी आली. गाडी विकायचं तिच्या आत्यानं ठरवलं होतं. "काका, लोग देखने आएंगे... मतलब, किती घाण आहे. धुऊ का?" मी तिच्या हातातली बादली धरली आणि तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"बाबांना माहीत होतं?"

"हो."

तिनं बादली कडुनिंबाच्या मुळाशी ओतली आणि आत गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. गाडीही विकू दिलेली नाही. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी ती बाहेर येते, बॉनेट उघडते आणि ते झाकण काढून कोरड्या फडक्यानं आतून पुसते. मी खिडकीतून बघत असतो. ती वर बघत नाही.