मामांचं सिमेंट

माझे मामा गवंडी. सत्तरी उलटली तरी शिडीवर चढताना कुणाचा हात घेत नाहीत, आणि उतरल्यावर कुणाचा सल्ला घेत नाहीत. कामावरची माणसं पाठीमागे त्यांना 'ओळंबा' म्हणतात, म्हणजे भिंत सरळ आहे का बघायची वजनाची दोरी. वाकडी भिंत दिसली तर पाडतील, पण स्वतः वाकायचे नाहीत. मी त्यांचा एकुलता एक भाचा, आणि नाकावर राग घेऊनच जन्माला आलेला. त्यामुळे आमचं फारसं जमत नाही.

आमचं घर जुनं, विटांचं, भिंतींना चुन्याचा गिलावा. बावीस वर्षांपूर्वी आईच्या खोलीतले पोपडे सुटायला लागले, तेव्हा मामांनी एका भिंतीचा चुना खरवडून तिथे सिमेंट चढवलं. त्या काळी ज्याच्या घरी सिमेंट त्याची कॉलर ताठ. चुना म्हणजे जुनाट, सिमेंट म्हणजे पक्कं. थोरल्या बहिणीला चांगल्यात चांगलं द्यायचं म्हणून मामा आठवडाभर राबले आणि हात फिरवावासा वाटेल अशी गुळगुळीत भिंत करून दिली.

पण जुनी वीट जमिनीतली ओल वर ओढते. चुन्यातून ती ओल हळूहळू उडून जाते. सिमेंटनं तिची वाटच बंद केली. आधी डाग पडले, मग लोणा लागून पांढरी खारट भुकटी झडायला लागली, मग कुबट वास यायला लागला. यंदा आईचा खोकला हटेना. डॉक्टरांनी त्या खोलीत झोपायचं नाही असं बजावलं, तेव्हा तिची खाट बैठकीत आली. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायात पडून राहायचं तिच्या जिवावर आलं होतं. रोज सकाळी विचारायची, माझी खोली मला कधी देतोस?

मी ठरवून टाकलं. भिंतीसमोर जिप्सम बोर्ड उभे करायचे, वर रंग मारायचा, दोन दिवसांत खोली तयार. बोर्डवाल्याला सांगूनही झालं होतं. तेवढ्यात मामा आले. भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक करत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले.

"बोर्ड लावलेस तर ओल दिसायची नाही, एवढंच," ते म्हणाले. "ती जाणार कुठं?"

त्यांना सगळं सिमेंट उतरवून पुन्हा चुना करायचा होता. किती दिवस, विचारलं तर सहा आठवडे म्हणाले. मी भडकलो. पण आई म्हणाली की त्याला करू दे, आणि आईपुढे माझं काही चालत नाही.

मामांनी छिन्नी-हातोडा घेतला. सिमेंट सुटताना विटांची सालंही घेऊन सुटत होतं. तिसऱ्या दिवशी ती भिंत बघून माझा तोल गेला. बोर्ड लावले असते तर निदान भिंत तरी राहिली असती, असं मी तोंडावर बोललो. मामांनी कुजलेली वीट काढून दुसरी बसवली. अशा एकूण चाळीसेक बसवल्या. मग भिंत दोन आठवडे उघडी ठेवली. परसात पिंपात चुना भिजत होता, तो रोज येऊन ढवळायचे. लोण्यासारखा झाल्यावर पहिला पातळ थर दिला, वर ओलं गोणपाट लटकवलं. दहा दिवसांनी दुसरा थर. भिंत सावकाश वाळली पाहिजे, नाहीतर तडकते, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी ऐकणंच सोडून दिलं.

ते भोवलं. एका दुपारी मामा जेवायला घरी गेले होते. बैठकीत आई खोकत होती. मी उठलो, गोणपाट काढलं आणि उभा पंखा आणून भिंतीसमोर फुल्ल सोडला. दोन तासांत भिंतभर केसासारख्या चिरा पडल्या.

मामा आले, भिंतीकडे बघत उभे राहिले. मला लपवता आलं असतं. गोणपाट वाऱ्यानं पडलं म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं?

"मामा, पंखा मी लावला. लवकर वाळावं म्हणून."

आता आपली खैर नाही, असं वाटलं होतं. मामा पालथ्या घमेल्यावर बसले.

"तू दोन तासांत सांगितलंस," ते म्हणाले. "मला वीस वर्षांत जमलं नाही."

पहिला डाग पडला तेव्हाच त्यांना कळलं होतं की हे आपल्या सिमेंटचं काम. आम्हाला मात्र जमिनीखालचा नळ गळतोय म्हणून सांगितलं. त्या न गळणाऱ्या नळासाठी आम्ही दोनदा जमीन खणली होती. मामा उठले आणि तसेच चुन्याच्या हातांनी बैठकीत गेले.

"ताई, नळ कधीच गळत नव्हता. भिंत मी घालवली. मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं."

आईनं चष्मा काढला. "मला तिसऱ्या वर्षी कळलं. रंगारी बोलून गेला. दुसरा गवंडी आणला असता तर चार ठिकाणी बोभाटा झाला असता, की यानं सख्ख्या बहिणीचं घर बिघडवलं. मग तुला काम कोणी दिलं असतं?"

म्हणजे भावाचं नाव राहावं म्हणून ही बाई एकोणीस वर्षं त्या ओलीला पाठ लावून झोपली. मला दोघांचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं.

मामांनी बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाले, "आणखी कुठं ओल आहे? आता खरं सांग."

आई जरा घुटमळली. "स्वयंपाकघरात. फडताळामागे. तिथं तू उरलेलं सिमेंट लावलं होतंस."

"पुन्हा सहा आठवडे लागतील."

"मग लागू देत. झोपेन मी इथंच."

मामांनी मला चिरा पडलेला थर खरवडायला बसवलं, एक बोटभरही सोडायचा नाही म्हणाले, आणि छिन्नी घेऊन स्वयंपाकघरात गेले. मी आधी बोर्डवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. तोवर आई खाटेवरून उठून फडताळातले डबे काढायला लागली होती.