दार लगेच उघडायचं नाही

मी आज जो कुणी आहे, त्यात सगळ्यात मोठा वाटा अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या माझ्या घरमालकीणबाईंचा आहे. त्या एल साल्वाडोरच्या. एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायच्या आणि घराचं तळघर भाड्याने द्यायच्या. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना मावशी म्हणालो.

"म्हणजे काय?"

आईची बहीण, असं सांगितल्यावर म्हणाल्या, "चालेल. पण मग बहिणीला सांग, मुलगा फार बारीक पाठवलाय."

आमचं दोघांचंही इंग्रजी बेताचं. माझं कॉलेजच्या पुस्तकातलं, त्यांचं कामावर शिकलेलं. त्यांचे धाकटे भाऊ त्याच घरात राहायचे, ते आपोआप मामा झाले. ते इमारतींच्या आतल्या भिंती उभ्या करायचे. माझ्या ऑफिसच्या भिंतीही त्यांच्याच हातच्या. "दुपारी माझ्या भिंतीला टेकून झोपतोस ना रे?" असं ते रोज विचारायचे, आणि मी खरंच टेकायचो.

२००१च्या नोव्हेंबरात आमचा प्रोजेक्ट बंद झाला आणि माझी नोकरी गेली. व्हिसा नोकरीला बांधलेला. लवकर दुसरी मिळाली नाही तर परत जाणं आलं. घराण्यातला मी पहिला पदवीधर, त्यामुळे हे फोनवर वडिलांना सांगायचा धीर होईना. दुसऱ्या राज्यात, एडिसनला माझे कॉलेजचे मित्र एका फ्लॅटमध्ये राहायचे. ते म्हणाले, "ये यार, हॉलमध्ये अ‍ॅडजस्ट करू." मी मावशींना सांगितलं, महिनाअखेरीला खोली सोडतो.

"खोली तुला नोकरीने दिली होती का?" त्या म्हणाल्या. "राहा."

पण कुणाच्या जिवावर राहणं मला पटेना. मी बॅग भरायला घेतली.

नाताळच्या आधीचे नऊ दिवस त्यांच्याकडे एक प्रथा पाळतात. तिला पोसादा म्हणतात. योसेफ आणि गरोदर मरीया रात्रीपुरता आसरा शोधत फिरले, त्याची आठवण म्हणून शेजारीपाजारी मेणबत्त्या घेऊन एका दारासमोर उभे राहतात आणि गाण्यातून आसरा मागतात. आतले गाण्यातूनच नाही म्हणतात. पुन्हा मागणं, पुन्हा नकार. शेवटच्या कडव्याला दार उघडतं आणि मग सगळ्यांचं जेवण. त्या वर्षी एका संध्याकाळचा मान आमच्या घराला होता. सगळी गल्ली आली होती. छपरं घालणारे, बागा राखणारे, हॉस्पिटलात रात्रपाळी करणाऱ्या बायका. एरवी ही माणसं दिवसा गावात दिसायची ती कामावरच. त्या संध्याकाळी सगळे इस्त्रीच्या कपड्यांत होते.

मावशींनी मला आतल्यांत घेतलं. "तुझा आवाज मोठा आहे. दारापाशी उभा राहा. आणि लगेच उघडायचं नाही, समजलं?" मी नकाराच्या ओळी कागदावर देवनागरीत लिहून घेतल्या.

बाहेर गाणं सुरू झालं. दाराच्या काचेतून दिसत होतं. पुढे हातात काठी घेतलेले मामा, त्यांच्या बाजूला शेजारची एक आजी, मेणबत्तीभोवती हात धरून ऊब घेणारी.

आमचं घर तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडला लागून. शेवटची गाडी चुकलेले लोक आमचंच दार वाजवायचे. आई आधी दार उघडायची आणि मग "कोण?" म्हणून विचारायची. मला त्या क्षणी काय झालं ते सांगता येत नाही. पहिलं कडवं संपलं आणि मी दार उघडून चक्क मराठीत म्हणालो, "या, या, आत या."

गाणं थांबलं. मामा ओरडले, "अरे, बंद कर! आमची कडवी राहिलीत अजून!" तोवर आजी आत येऊन खुर्चीवर बसलीसुद्धा होती. आता मी बाहेर जायची नाही, असं ती म्हणाल्याचं मला नंतर कळलं. सगळे पोट धरून हसले. मला दारापासून उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं आणि पुढचे नकार दुसऱ्याने गायले.

जेवताना मावशी माझ्यासाठी वेगळे काढलेले, मक्याच्या पिठात घेवडा भरून केळीच्या पानात उकडलेले तामाल घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. त्या हसत नव्हत्या.

"तुला त्यांना पाच मिनिटं बाहेर ठेववलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मी तुला बाहेर ठेवावं म्हणतोस?"

मी जेवून खाली गेलो आणि बॅगेतले कपडे परत कपाटात लावले.

उन्हाळ्याच्या आत मला नोकरी लागली. तरी लग्न होईपर्यंत मी तिथेच राहिलो. दर डिसेंबरला मला दारापासून लांब बसवायचे. मग नोकरीनिमित्त पार्सिपनीला गेलो, तिथेच घर घेतलं.

२००८मध्ये बांधकामं थांबली आणि मामांचं काम गेलं. कर्जाचे हप्ते थकले, घर सोडावं लागणार, असं मावशींनी फोनवर सांगितलं, अगदी हवापाण्याबद्दल बोलावं तसं. मी फोन ठेवला आणि पत्र लिहिलं. साध्या इंग्रजीत होतं, ते मराठीत असं:

मावशी,

'बघू कुठेतरी' म्हणालात. कुठेतरी म्हणजे कुठे? आमच्याकडे खालची खोली रिकामी आहे. खिडकीतून सकाळचं ऊन येतं. बायकोने पडदे लावलेत, तुम्हाला न विचारता. रंग आवडला नाही तर तिच्याशी भांडा. मुलगी आता बोलायला लागली आहे, तिला आजी म्हणायला शिकवतोय. मामांनाही घेऊन या. आमची एक भिंत तिरकी आहे, ती त्यांना बघवणार नाही.

दाराशी आलात की मामांना सांगा, गाऊ नका म्हणावं. नकाराच्या ओळी मला अजूनही येत नाहीत.