हाक मारणारी नीलाक्का

नीलाक्कांचं डोकं दुखलं की ते एकट्या त्यांचं राहत नसे, सगळ्या गल्लीचं होई. सकाळी त्या ओट्यावर येत, पदर कमरेला खोचत आणि समोरच्या, शेजारच्या, चार घरं पलीकडच्या बायांना एकदमच सांगत, "अगे, ऐकायलाव का? आज माझं डोकं लई दुखायलंय!" मग तेच कानडीत, कारण समोरच्या दोन घरांत कानडी बोलत. मग कोपऱ्यावरच्या बीबींसाठी दखनीत. तीन भाषांत सांगून होईस्तोवर डोकं निम्मं उतरलेलं असे आणि अक्का हसतहसत तेलाचं दुकान उघडायला जात.

आम्ही बिदरकडच्या चिटगुप्प्याला आलो ते निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी. उर्दू शाळांत मराठीचे वर्ग सुरू झाले होते आणि माझ्या यजमानांना तिथं मास्तरकी मिळाली होती. नीलाक्कांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. पुढं त्यांचं करडईच्या तेलाचं दुकान, मधे त्या, मागं आम्ही. अक्का पन्नाशीच्या, उंच, हाडापेरानं मजबूत. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. नवरा वारलेला, एकुलती एक लेक हुमनाबादला दिलेली. त्यामुळं घरात त्या एकट्याच असत, पण हे त्यांना कधी कुणी पटवून देऊ शकलं नसतं.

मी उदगीरच्या माहेरी वेगळ्या वळणात वाढलेली. आमच्याकडं बाईमाणसानं दुखणं बोलून दाखवणं म्हणजे जवळजवळ निर्लज्जपणा. पहिल्याच महिन्यात माझ्या हातावर कढत वरण सांडलं. मी हात पदराखाली लपवला आणि पाणी भरायला आडावर गेले. अक्कांनी घागर कुठल्या हातानं ओढतेय ते पाहिलं आणि सरळ पदर उचलला.

"मास्तरीणबाई, हे काय?"

"काही नाही अक्का, जरासं भाजलंय."

"जरासं? कातडं सोललंय की! आन् सांगितलं कामून न्हाई? दुखणं पोटात ठेवायला ते काय लेकरू हाय व्हय?"

आणि मी नको नको म्हणत असताना त्यांनी आडाच्या कठड्याला हात टेकून जी हाक दिली, ती बाजारापर्यंत गेली असेल. पाच मिनिटांत सातआठ बाया गोळा झाल्या. एकीनं कोरफड आणली, एकीनं मध. बीबींनी माझा हात गार पाण्याच्या परातीत बुडवून ठेवला आणि बाकी सगळ्यांना गप्प बसवलं. मी लाजेनं अर्धमेली झाले होते. पण त्या दिवसापासून गल्लीत मला ओळखत नाही असं कुणी उरलं नाही, हेही खरं.

अक्का नेहमीच अशा नव्हत्या, हे मला नंतर कळलं. एका दुपारी आम्ही दोघी चिंच फोडत बसलो होतो आणि त्यांनी आपणहून नवऱ्याची गोष्ट काढली. शरणप्पा फार सभ्य माणूस. दुकानात गिऱ्हाईक असताना एकदा छातीत कळ आली. समोर बाया उभ्या, कसं सांगायचं? त्यांनी सगळ्यांना तेल मापून दिलं, दुकान आवरलं, आत येऊन स्वतःच्या हातानं ओव्याचं पाणी करून प्यायले आणि 'ग्यास धरलाय' म्हणून भिंतीकडं तोंड करून पडले.

"मी भिताडाच्या ह्या अंगाला जवारी निवडायले," अक्का म्हणाल्या. "त्या अंगाला त्यो माणूस मरायलाय. एक हाक मारली न्हाई, बाई. माझ्या कामाचा खोळंबा हुईल मनून."

त्यांनी मूठभर चिंचोके सुपात टाकले. मग म्हणाल्या की नवऱ्याचे दिवस झाल्यावर त्या एकट्या बिदरला गेल्या होत्या. तिथं निजामाच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांच्यासमोर बसून अक्कांनी विचारलं, "गेला त्यो गेला. त्यानं काय करायला पायजे होतं, तेवढं मला सांगा."

असा प्रश्न घेऊन कुणी त्यांच्याकडं आलं नसावं. चष्मा काढून ठेवत ते म्हणाले, "माँ, सीने पे वजन पड्या, पसीना आया, हात में या जबड़े में दर्द उतर्‍या, तो जहाँ है वहींच बैठ जाना. चलना नक्को, काम करना नक्को. कपड़े ढीले करना. और आवाज देना. सबसे पहले आवाज देना."

"आन् दवा?" अक्कांनी विचारलं.

"दवा दूसरा कोई लाएगा. उसके वास्ते बी आवाज देनाच पड़ता."

अक्का घरी आल्या आणि हे त्यांनी सगळ्या गल्लीला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, बायांना ओट्यावर बसवून सराव करून घेतला. कुणी हळू हाक मारली की म्हणत, "ही हाक हाय का कोंबडीला दाणे टाकायलीस?" आम्ही पोट धरून हसायचो. आणि स्वतः तर त्या शिंक आली तरी जाहीर करू लागल्या. यजमान एकदा मला म्हणाले, "अक्का रोज एवढं ओरडतात. खरंच काही झालं तर कोण धावणार आहे?" ते चेष्टेत बोलले, पण मला तो विचार बरेच दिवस टोचत राहिला.

त्यांचं शेत गावाबाहेर, बिदरच्या सडकेपासून थोडं आत. एके वर्षी ज्वारी दाण्यात आली होती. आठवडी बाजाराचा दिवस होता म्हणून राखणीचा माणूस बाजाराला गेलेला आणि पाखरं हाकायला अक्का स्वतःच गेल्या होत्या. पुढचं सगळं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं, आणि एकदा नाही.

दुपार कलायला लागली होती. अक्का बांधावरून चालल्या होत्या आणि एकाएकी छातीवर कुणी जातं आणून ठेवावं तसं झालं. डावा हात खांद्यापासून जड. जबड्यात ठणका. अंगाला दरदरून घाम, आणि ऊन तर उतरलेलं.

"गाव समोर दिसायलं, मास्तरीणबाई. आपल्या घराजवळचं पिंपळाचं झाड दिसायलं. मनात आलं, एवढं तर हाय, जाऊन पडावं घरी. पाय उचललाही. मग शरणप्पा आठवला. त्योबी घरी जाऊनच पडला होता."

त्या तिथंच कडुलिंबाच्या बुंध्याला टेकून बसल्या. चोळीची गाठ सोडली. लिंग मुठीत धरलं. आणि हाक मारली. पहिली हाक बरी गेली, दुसरीला धाप लागली, तिसरी ओठांतच राहिली. जिचा आवाज बाजारापर्यंत जायचा तिची हाक आता स्वतःच्या शेताच्या बांधापलीकडं ऐकू जाईना. मला ही गोष्ट सांगताना याच ठिकाणी अक्कांचे डोळे भरून यायचे, दुसऱ्या कुठंही नाही.

पाखरं हाकायचा पत्र्याचा डबा हाताशी पडलेला होता. बसल्या बसल्या, उजव्या हातानं, एका खड्यानं त्या तो वाजवत राहिल्या. जोर न लावता, थांबत थांबत.

पलीकडचं शेत इस्माईलभाईंचं. कोपऱ्यावरच्या बीबींचे ते मालक. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत त्यांच्या घरानं फार सोसलं होतं, आणि तेव्हापासून ते गावातल्या माणसांशी कामापुरतंच बोलत. बायकांचं येणंजाणं सुरू झालं, पण इस्माईलभाई मान खाली घालून शेतात जात आणि तसेच परत येत. बांधावर अक्कांची गाठ पडली तरी नुसता सलाम.

ते मोट सोडून बैलांना पाणी दाखवत होते. डबा वाजतोय, यात नवल काहीच नव्हतं. पण डब्याबरोबर अक्का ऐकू येत नव्हत्या. एरवी डबा वाजला की पाखरांना शिव्या, पाखरांच्या आईबापांना शिव्या, मग एखादं कानडी भक्तिवचन, मग पुन्हा शिव्या, हे सगळं ओळीनं यायचं. "डबा बजरा, और अक्का चुप?" ते नंतर बीबींना म्हणाले, "मेरा दिलच बैठ गया." बैल तसेच टाकून ते बांध ओलांडून पळाले.

अक्का पांढऱ्याफटक पडल्या होत्या. इस्माईलभाईंनी त्यांना उठवायला हात धरला तर पुटपुटल्या, "उठवू नको. चालवू नको. बाज आन. माणसं आन."

ते मळ्यातल्या खोपीतली बाज घेऊन आले, सडकेवरून जाणारे तिघंजण हाकारले. त्यातला एक म्हातारा भिडस्त होता. विधवा बाई, लिंगायताची, हात कसा लावायचा म्हणून घुटमळायला लागला. तेवढ्याही अवस्थेत अक्का म्हणाल्या, "लाज वाटायली तर डोळे मिट. पण उचल."

सडकेवर बिदरकडं जाणारी एक माललॉरी अडवली. पोत्यांवर बाज ठेवली. इस्माईलभाई सगळ्या वाटेभर बाजेचा खूर धरून बसले होते, खड्ड्यात हिसका बसू नये म्हणून. आम्हाला बातमी कळताच यजमान आणि बीबी पाठोपाठ बसनं गेले.

त्या काळी या दुखण्यावर औषधं थोडीच. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुई दिली आणि सक्त विश्रांती सांगितली. कित्येक आठवडे अक्का पाठीवर पडून होत्या. घरी आणल्यावर तर आमची खरी परीक्षा सुरू झाली, कारण बोलायला बंदी नव्हती. माजघरात पडल्यापडल्या त्या दुकान चालवत. "ते माप नीट भर गं! फेस मोजायलीस का तेल?" पाळ्या लावून आम्ही बाया त्यांच्यापाशी बसत असू. इस्माईलभाई रोज संध्याकाळी शेतातून परतताना दारात थांबत. सुरुवातीला उभ्याउभ्याच विचारत, "कैसे है अक्का?" मग ओट्यावर टेकू लागले. मग चहा घेऊ लागले. पुढं पुढं तर सगळी गल्लीच त्या वेळेला ओट्यावर जमायची, आणि इस्माईलभाई एवढे गमतीदार बोलतात हे आम्हाला पहिल्यांदाच कळलं.

एकदा मी अक्कांना विचारलं, "शेतात एकट्या असताना भीती नाही वाटली?"

"वाटली की. मनून तर बसले. भ्यालेलं माणूस पळतंय, तिथंच चुकतंय. मी भिऊन बसले."

छप्पन साली राज्यं नवी झाली. आमचं उदगीर आणि हे चिटगुप्पा तोवर एकाच बिदर जिल्ह्यात होतं, ते दोन राज्यांत गेलं. यजमानांनी उदगीरला बदली घेतली. निघताना मी पाया पडले तर अक्कांनी मला उठवून धरलं आणि म्हणाल्या, "होगि बा." जाऊन ये, असं. नुसतं 'जा' त्या कुणालाच म्हणत नसत.

माझं परत जाणं काही झालं नाही. दोन वर्षांनी चिटगुप्प्याचे एक तेलाचे व्यापारी उदगीरच्या बाजारात भेटले, त्यांनी सांगितलं. चैत्रातली दुपार होती. अंगणात शेवया करायला बाया जमल्या होत्या, लेकही हुमनाबादहून आलेली. अक्का म्हणाल्या, "थांबा गं जरा, मला धरा." बीबींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, लेकीनं हात धरला, कुणीतरी इस्माईलभाईंना बोलवायला धावलं. डॉक्टर यायच्या आत सगळं आटोपलं होतं.

व्यापारी हळहळत म्हणाले, "काहीच करता आलं नाही हो कुणाला."

मी मान हलवली. पण घरी येताना मला राहून राहून ते अंगणच दिसत होतं. पीठ लागलेले कितीतरी हात, आणि ते सगळे अक्कांच्या अंगावर.