मागच्या बाकावरची बाई

लाकडी बाकांच्या पॉलिशचा वास आला की खडकीच्या चर्चमधला एक रविवार आठवतो. आयटी कंपनीत आठवडाभर राबून मी दारात स्वागताला उभी होते. येणाऱ्या प्रत्येकाला आपलं म्हणा, असं पाळकसाहेबांनी मंडळीला बजावलं होतं. उपासना संपली, तरी मागच्या बाकावर एक अनोळखी बाई बसूनच होत्या. मला घरी जाऊन झोपायचं होतं.

“आपलं काही काम होतं का?” मी विचारलं.

“नाही हो. हे गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. इथे माणसांचा आवाज येतो.”

उपकार केल्यासारखी मी शेजारी टेकले. माझ्याकडे निरखून पाहत त्यांनीच विचारलं, “दमलेल्या दिसता. काही खाल्लंत का सकाळपासून?”

आठवडाभरात हे मला कुणीच विचारलं नव्हतं.