दारात ‘या’ म्हणणारे तात्या

८ जून. शाळा उघडायला आठवडा राहिलाय. गणवेशाच्या कापडाचे तागे दारापर्यंत आले आहेत आणि गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा नाही. म्हणून आज दुपारी मशीन बंद केलं आणि पडद्यामागचा कोपरा रिकामा करायला घेतला. तिथं एक आरसा, दोन खुंट्या आणि वर एक फळी आहे. कोपरा मी मापं घेण्यासाठी केला होता. पण दोन वर्षं तो तात्यांचा होता.

तात्या सकाळी यायचे ते पांढरा पायजमा, नेहरू शर्ट आणि कडक इस्त्रीची टोपी घालून. पडद्याआड जायचे आणि बाहेर यायचे ते निळ्या शर्टात, पट्टा आवळून, छातीवर शिट्टीची दोरी लोंबत. संध्याकाळी पुन्हा पांढऱ्यात शिरायचे आणि इंदापूरची गाडी पकडायचे. आरशात बघायचे ते फक्त संध्याकाळी. सकाळी आरशाकडं पाठ करून पट्टा लावायचे. पांढरी टोपी आणि निळी टोपी त्यांनी एका खुंटीला कधी अडकवली नाही. एकदा मी घाईत एकीवर एक ठेवली, तर तात्यांनी निळी काढून खाली पायताणाशेजारी ठेवली.

बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला माझं शिवणकामाचं दुकान आहे. सिक्युरिटी एजन्सीवाले गार्डांच्या पँटी आखूड करायला, शर्टांना बिल्ले लावायला माझ्याकडं देतात. त्या कामावर माझं घर चालतं. त्यामुळं वर्दीत लाजण्यासारखं काय असतं, हे मला कधी समजलं नाही. कापड चांगलं असतं, खिसे मजबूत असतात. तात्यांना मी हे बोलूनही दाखवलं होतं. ते म्हणाले, “तुमी शिवता ताई. घालत न्हाय.”

गार्ड होण्याआधी तात्या इंदापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाची राखण करायचे. तिथल्या खुर्च्यांची कव्हरं मी शिवायची, म्हणून ओळख. दारात काठी टेकून बसलेले असत. वऱ्हाडाची जीप दिसली की उठून उभे राहायचे आणि दोन्ही हात पुढं करून “या, या” म्हणायचे. आवाज असा, की येणाऱ्याला वाटावं हेच मुलीचे वडील. कुणाच्या म्हातारीला पायरी चढायला हात दे, रुसून बसलेल्या जावयाला मांडवात आण, ही त्यांचीच कामं. एका लग्नात तर नवऱ्याकडच्या लोकांनी त्यांनाच मालक समजून फेटा बांधला. तात्यांनी तो काढला नाही आणि खऱ्या मालकानंही काढा म्हटलं नाही. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. लहानपणी त्यांनी कळप राखला, पुढं लोकांचा ऊस राखला, मग कार्यालय. “राखणदार मालकाच्या जागी उभा असतोय,” ते म्हणायचे. “मालक न्हाय तवा त्यानंच या म्हनायचं.”

मालक मात्र लग्नसराई संपली की पगार निम्म्यावर आणायचा. त्यात तात्यांच्या एकुलत्या मुलीचं, रंजनाचं, लग्न त्याच कार्यालयात झालेलं. पिंपळीचं चांगलं बागायतदार घर मिळालं होतं. लग्नानंतर हात आखडला. कव्हरं द्यायला मी गेले तेव्हा ते एकदा म्हणाले, घरी येणाऱ्या लेकीच्या हातावर काही ठेवता येत नाही. मी लगेच एजन्सीच्या सुपरवायझरशी बोलले. पशुखाद्याच्या कारखान्याच्या गेटवर दिवसपाळीला पोक्त माणूस हवा होता. पगार बारा महिने, आणि कार्यालयापेक्षा पुष्कळ जास्त. तात्या आठवडाभर हो म्हणेनात. मी म्हटलं, “तात्या, काम तेच आहे. दारात उभं राहायचं. इथं काठी, तिथं शिट्टी.”

काम तेच नव्हतं. पहिल्याच दिवशी सुपरवायझर त्यांच्यावर ओरडला, कारण ट्रक दिसला की तात्या हात पुढं करून “या, या” म्हणत होते आणि ट्रक खुशाल आत जात होते. गेटवर आधी “थांबा” म्हणायचं असतं. मग ड्रायव्हरला खाली उतरवायचं, नाव विचारायचं, ताडपत्री उघडून बघायची. तात्या संध्याकाळी पडद्याआडून म्हणाले, “ताई, दारात आलेल्या मानसाला थांब म्हनायची जीभच न्हाय मला.” मी सुईत दोरा ओवत होते. मी म्हटलं, होईल सवय.

सवय झाली, पण वेगळ्या वाटेनं. त्यांच्या जोडीला ओडिशाचा एक गार्ड होता. तो सगळ्यांना “रुको” म्हणायचा. तात्यांनी ते उचललं. रुको, नीचे उतरो, ताडपत्री खोलो. मराठीत कुणालाच हटकायचं नाही, असा त्यांनी नेम केला. समोरचा कन्हेरीचा असो की कोऱ्हाळ्याचा, तात्या हिंदीतच. मी हसले तेव्हा त्यांनी फार गंभीरपणानं समजावून सांगितलं, “हिंदीत म्हनलं की मी म्हनल्यावानी वाटत न्हाय.”

घरी त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं, पण खरंही सांगितलं नव्हतं. “कंपनीत देखरेखीला हाय,” एवढंच. पिंपळीला व्याह्यांनाही तेच. बायकोला धुवायला लागू नये म्हणून वर्दी माझ्याकडंच राहायची. तिच्याबरोबर माझ्या मुलाचे शर्ट पिळताना मला हा सगळा कारभार मूर्खपणाचा वाटायचा. एकदा मी स्पष्ट विचारलं, कळलं तर काय होईल? ते पट्ट्याचं बकल पुसत होते. म्हणाले, “मला काय व्हनार न्हाय. रंजीला हुईल. हळदीकुंकवात बाया इचारतील, वडील काय करत्यात गं? आन् ती खाली बघंल. तिनं खाली बघितल्यालं मला बघवायचं न्हाय.” त्यानंतर मी विषय काढला नाही.

मक्याच्या हंगामात कारखान्याच्या गेटवर ट्रॅक्टरची रांग लागते. अशा एका दिवशी तात्या संध्याकाळी दुकानात आले ते बदलायला गेलेच नाहीत. वर्दीतच स्टुलावर बसले. हातात फडक्यात बांधलेला एक डबा होता. झालं काय ते मी त्यांना तुकड्या-तुकड्यानं विचारून काढलं.

रांगेतला एक ट्रॅक्टर पुढं आला. तात्यांनी खाली मान घालून सवयीनं हात आडवा केला, “रुको.” वर बघितलं तर स्टिअरिंगवर व्याही. पिंपळीचे आबा. लग्नात ज्यांचे पाय तात्यांनी स्वतः धुतले होते, ज्यांच्या गळ्यात पडून व्याहीभेट घेतली होती, ते. दोघांमध्ये गेटचा आडवा दांडा आणि मागं हॉर्न वाजवणारे ट्रक. तात्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि जे तोंडात होतं तेच पुढं चालवलं. “नीचे उतरो. ताडपत्री खोलो. मका किधरका हाय?”

तात्यांची हिंदी ऐकून ते बिहारचे आहेत असं समजणारा माणूस आपल्या भागात तरी नसेल. आबा क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिले. मग खाली उतरले, ताडपत्रीची दोरी स्वतःच्या हातानं सोडली आणि म्हणाले, “पिंपळीका है, साब.” स्वतःची टोपी काढून हातात धरली होती. तात्यांनी मक्यात हात घालून बघितलं, बाजूला झाले, दांडा वर केला. आबा पुन्हा म्हणाले, “शुक्रिया साब,” आणि आत गेले.

“मला वाटलं वळखलं न्हाय,” तात्या म्हणाले. “देवाला हात जोडलं मी.”

आबा रिकामी ट्रॉली घेऊन परत निघाले तेव्हा तात्या केबिनच्या मागं उभे होते. आबांनी ट्रॅक्टर थांबवला, आपला जेवणाचा डबा ओडिशाच्या गार्डच्या हातात दिला आणि म्हणाले, “साबको देना.” एवढं बोलून निघून गेले. डबा ज्या फडक्यात बांधला होता ते रंजनाच्या जुन्या लुगड्याचं, तात्यांनीच दिवाळीला घेतलेल्या. गाठ तिच्या हातची.

मी डबा उघडला. ज्वारीच्या दोन भाकरी, भरलं वांगं, कडेला लसणाची चटणी. मी म्हटलं, तात्या, माणूस किती मोठा आहे बघा. तुमची लाज राखली आणि वर स्वतःचं जेवण तुम्हाला दिलं. खा. तात्यांनी डब्याकडं बघितलं नाही. “ज्याला साब म्हनायला लावलं त्याचं अन्न कसं खाऊ, ताई? व्याही हाय त्यो. दारात आला. ‘या’ म्हनायचं सोडून मी त्याला मक्यासकट खाली उतरवला.” मान इतकी खाली होती की मला फक्त निळ्या टोपीचं वरचं बटण दिसत होतं. शेवटी म्हणाले, “शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.”

मी फार वेळ कुणाची समजूत घालत नाही. मला तीन पँटी द्यायच्या होत्या. तात्या बदलून गेले, डबा तिथंच राहिला. अन्न टाकून द्यायचं माझ्यानं होत नाही, म्हणून रात्रीच्या जेवणाला त्या भाकऱ्या मी खाल्ल्या. वांगं चांगलं झालं होतं. डबा घासून फळीवर ठेवला, उद्या तात्या नेतील म्हणून.

तात्यांनी तो नेला नाही. चारच दिवसांत त्यांनी त्याच एजन्सीकडून पुण्याच्या पलीकडं, चाकणच्या बाजूला बदली मागून घेतली. तिथं पगार आणखी जास्त. सुपरवायझर खूश होता, कारण तिकडं जायला आपल्याकडचे लोक तयार होत नाहीत. मीही म्हटलं, चांगलं झालं. निरोप घ्यायला आले तेव्हा पांढऱ्या कपड्यांत होते, वर्दी पिशवीत. पडद्यामागं उगाच एकदा डोकावले. “तिकडं एक बरं हाय,” म्हणाले, “सोयरा कुनी न्हाय.”

त्याला दीड वर्ष झालं. नातवाचं जावळ झालं तेव्हा बायको गेली, मामा म्हणून मांडीवर घ्यायला पुतण्या गेला, तात्या नाही. सुट्टी मिळाली नाही म्हणून सांगितलं. मी सुपरवायझरला विचारलं, तर तात्यांनी सुट्टी मागितलीच नव्हती असं कळलं. लेकीनं खाली बघू नये म्हणून ज्यानं एवढं केलं, त्याची लेक भरल्या घरात दाराकडं बघत बसली असेल.

पडदा अजून आहे. तात्यांनंतर दुसरे आले. पांढऱ्यात येतात, निळ्यात जातात. मी कुणाला काही विचारत नाही. आज फळी रिकामी करताना मागं तो डबा सापडला, फडक्यासकट. दीड वर्ष दुसऱ्याचा डबा मी त्याच्या घरी पोचवलेला नाही. बारामतीहून पिंपळी ती किती लांब.

९ जून. काल एवढं लिहून थांबले होते.

आज सकाळी दुकान उघडायच्या आधी डबा पुसला. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून त्यात शेंगदाण्याचे लाडू भरले आणि पिंपळीला गेले. आबा गोठ्यापुढं बसले होते. मी कोण ते सांगितलं आणि डबा पुढं केला. त्यांनी तो लगेच ओळखला. रंजना दारात आली आणि चौकटीला धरून तिथंच थांबली.

“जेवले व्हते का त्ये?” आबांनी पहिलं हेच विचारलं.

मी म्हटलं, नाही. त्यांना लाज वाटली. भाकरी मी खाल्ली.

आबा खाली बघायला लागले. तात्या बघायचे तसंच. मग म्हणाले, “मी साब म्हनलो त्ये त्यांस्नी बोचलं आसंल. मला वाटलं, त्यांनी सोंग घ्येतलंय तर आपन मोडू नये. घरी आलो तवा ध्यानात आलं, थट्टा केल्यावानी झालं. तवापासनं त्यांच्या दारात जायला तोंड न्हाय मला.” रंजना सासऱ्यांना म्हणाली, “मामा, त्ये गेटवर असायचे त्ये मला लग्नाच्या पहिल्या वर्सापासनं म्हाईत हाय. गावातली अर्धी मान्सं तिथनंच खाद्य आनत्यात.” कुणी तिला काही विचारलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं लाडू काढून घेतले, आत गेली आणि डबा पुन्हा भरून आणला. त्याच फडक्यात, तीच गाठ. “त्ये येस्तवर तुमच्याकडंच ठिवा ताई,” म्हणाली. आबा मागून म्हणाले, “तात्यांस्नी सांगा, आबानं दिलाय.”

दुकानात आले. पडदा काढला नाही, तागे बाकड्याखाली सारले. डबा तात्यांच्या खुंटीला, पांढऱ्या टोपीच्या, अडकवला आणि चाकणला फोन लावला. मागं हॉर्न वाजत होते. तात्यांनी आधी कुणाला तरी “रुको” म्हटलं, मग मला “बोला ताई.”

मी म्हटलं, “पिंपळीहून डबा आलाय. आबांनी दिलाय, नाव घेऊन. आज रजा मागा आणि निघा. भाकरी उद्यापर्यंत टिकेल, आणि या वेळी मी खाणार नाही.”

हॉर्न वाजत राहिले.

“या, तात्या,” मी म्हटलं, आणि फोन ठेवून पहिलीच्या मुलांचे शर्ट बेतायला घेतले.