पाहुण्यांसाठी राखलेली विहीर

दिपमालाताईंना जिल्ह्यातली निम्मी गावं 'त्रुटीबाई' म्हणतात. तोंडावर नव्हे हं, पाठीमागे. तोंडावर सगळे "ताई, ताई" करत चहा पाजायला धावतात. जळगावात पाण्याच्या सरकारी कचेरीत त्यांचं टेबल आहे. कुठल्या गावाला बंधाऱ्यासाठी अनुदान द्यायचं, कुठल्या विहिरीभोवती पाणी मुरवायचं काम मंजुरीला पाठवायचं, याची छाननी त्यांच्याकडे. सरपंच प्रस्ताव घेऊन येतो आणि ताई चष्म्यावरून बघत विचारतात, "नाल्याचा उतार पूर्वेला दाखवलाय आणि बंधारा पश्चिमेला? पाणी काय उलटं चढणार का, भाऊ?" सरपंच घाम पुसत माघारी जातो, दुरुस्ती करून आणतो, आणि मग तोच प्रस्ताव वर जाऊन हमखास मंजूर होतो. पण त्याचं कौतुक कोण करतो? नाव पडलं ते पडलंच.

त्यांच्या या काटेकोरपणाचं मूळ त्यांच्या लग्नात आहे. ताईंचं माहेर पाचोऱ्याकडचं, गिरणेच्या पाटाखालचं. दुपारी पाटात पाय सोडून बसायचं आणि आईने हाक मारली की चिखलाचे पाय घेऊन घरात जायचं, असं त्यांचं बालपण. सासर मात्र पारोळा तालुक्यातलं खैरपिंपळे, आणि तिथे पाण्याची सदाची बोंब. मग पाटाखालच्या बापाने लेक असल्या गावात दिलीच कशी? अहो, बाप शेतकरी होता, डोळे मिटून देणारा नव्हता. त्याने मुलगा पाहिला, घर पाहिलं आणि आठवणीने गावची विहीरही पाहिली. वैशाखाच्या तोंडावर विहिरीत पायऱ्यांपर्यंत पाणी! बाप खूश झाला. तिथल्या तिथे सुपारी फुटली.

लग्नानंतर अंगावरची हळद पुरती उतरलीही नव्हती, तोच सासूने, भिकुबाईंनी, सुनेच्या डोक्यावर हंडा दिला आणि लांबच्या नाल्याची वाट दाखवली. दिपमालाने जाता जाता विहिरीत डोकावून पाहिलं. तळाला चिखल होता आणि त्यात एक बेडूक.

खैरपिंपळ्याची रीतच होती ती. कुणाच्या मुलाला बघायला पाहुणे येणार असले की गाव विहीर राखायचं. आठ-आठ दिवस एकही बाई तिथे घागर बुडवायची नाही. सगळ्या नाल्यावर जायच्या, वाळूत झिरे खणून वाटी-वाटीने पाणी भरायच्या. एरवी बांधावरून एकमेकांच्या उरावर बसणारी घरं यात मात्र एक. आज तुझ्या मुलाचं, उद्या माझ्या. झाकली मूठ सव्वा लाखाची! ताईंना हे कळलं तेव्हा त्या रडल्या, चिडल्या, आणि पुढे नवऱ्याबरोबर जळगावला आल्यावर परीक्षा देऊन याच खात्यात लागल्या. तेव्हापासून भरलेली विहीर बघून त्यांचा कधी विश्वास बसला नाही. सासूशी वागणं नीट राहिलं, सणावाराला जाणं-येणं राहिलं, पण तो हंडा काही मनातून उतरला नाही.

यंदा खैरपिंपळ्याचाच प्रस्ताव टेबलावर आला. गावावरच्या नाल्यावर बंधाऱ्यांची साखळी करायची, म्हणजे पावसाचं पाणी मुरून विहिरीला पाझर राहील. प्रस्ताव चांगला होता. ताईंनी तो वाचलासुद्धा नाही नीट. आपल्या सासरचं प्रकरण आपल्या हाताखालून जाऊ नये म्हणून सरळ शेजारच्या टेबलावर नवलकडे दिला. नवल तरुण, सरळ मनाचा मुलगा. तो गावात जाऊन पाहणी करून आला आणि हसत म्हणाला, "ताई, काय पाणी आहे हो तुमच्या विहिरीत! पायऱ्या बुडाल्यात. मला तर नारळपाण्याऐवजी तेच पाजलं. आता ऐन चैत्रात एवढं पाणी असेल तर कामाची गरज काय दाखवणार? मला अपात्रच लिहावं लागेल."

ताईंच्या हातातला चहा तसाच राहिला. चैत्रात पायऱ्या बुडाल्या म्हणजे गावात कुणाची तरी सोयरीक चालू आहे, हे कळायला त्यांना पंचांग लागत नव्हतं. त्यांनी भिकुबाईंना फोन लावला.

"आई, विहीर कोणासाठी भरली?"

"कोनासाठे म्हंजे? आपला भूपेंद्रसाठे!" पलीकडून म्हातारी आनंदाने म्हणाली. "पाचोराकडना पाव्हना उनथात. पाव्हनासले कोरडी इहीर दखाडानी का वं?"

भूपेंद्र म्हणजे ताईंच्या धाकट्या दिराचा मुलगा. सोन्यासारखा पोरगा, पण तिशी ओलांडली तरी लग्न जमत नव्हतं. आता राखूनही विहिरीत पाणी साठत नव्हतं, इतकी ती आटली होती. म्हणून गावाने टँकर आणून ओतले होते. मुलीचे वडील प्रेमराज ते पाणी पाहून खूश होऊन गेले, आणि दुसऱ्याच दिवशी नवल पोहोचला. कुणाच्या डोक्यातच आलं नाही, की सरकारी पाहुण्याला विहीर कोरडीच दाखवायची असते! पाहुणा आला की भरलेलं दाखवायचं, एवढंच त्या गावाला ठाऊक. ताईंना हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना.

त्यांनी नवलला सगळं खरं सांगितलं. सांगताना मान खाली गेली, कारण इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी माहेरीसुद्धा बोलून दाखवली नव्हती. नवल आधी खो खो हसला, मग गंभीर झाला. "सोमवारी बैठक आहे, ताई. मी रविवारी परत जाऊन बघतो. टँकरचं पाणी तोवर जिरलेलं असेल. विहीर कोरडी दिसली तर तसं लिहीन. पण भरलेली दिसली, तर माझा नाइलाज आहे."

आणि रविवारीच प्रेमराज आपल्या मुलीला, किरणला, घर दाखवायला घेऊन येणार होते!

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, ते इथे खरोखरीचं झालं. रविवारी विहीर भरली तर भूपेंद्रचं लग्न जमणार आणि बंधारे जाणार. नाही भरली तर बंधारे येणार आणि बाशिंग जाणार. ताईंचा नवरा म्हणाला, "तू यात पडू नको. ज्याचं त्याला निस्तरू दे." ताई म्हणाल्या, "मी लग्न करून त्यात पडलेलीच आहे," आणि शनिवारी एसटी पकडून गावाला गेल्या.

सासरच्या ओट्यावर सरपंच जीवराम नाना बसलेच होते. सकाळी टँकर सांगून ठेवलाय, म्हणाले.

"नाना, टँकर परत पाठवा," ताई म्हणाल्या. रागावल्या की त्यांच्या तोंडी कचेरीची मराठी येते. "उद्या पाणी ओतलं तर हे काम गेलं. पुन्हा कधी नंबर लागेल, सांगता येत नाही."

नाना हात जोडून म्हणाले, "ताई, काम आज ना उद्या होईल. पण गाव कोरडं आहे हे एकदा बाहेर फुटलं, की आमच्या पोरांना कोण मुली देईल? गावात किती बिनलग्नाचे बसलेत ते बघा की."

"आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, नाना? किती वर्षं लोकांच्या लेकी फसवून आणणार आपण?"

हा शब्द भिकुबाईंना झोंबला. त्या चुलीपुढून उठून बाहेर आल्या. "फसाडी? तुले काय कमी पडनं वं? जळगावले बंगलामा ऱ्हास, नळना पाणीवर! मना नातूनं लगीन मोडशी तू! तू सरकारनी शे का आमनी शे, सांग आते!"

बंगला कसला, दोन खोल्यांचा फ्लॅट. पण ते सांगण्यात काय अर्थ होता? ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सासूला दिसू नये म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. तेव्हा दाराशी उभा असलेला भूपेंद्र पुढे आला.

"टँकर राहू द्या, नाना," तो म्हणाला. "ती आल्यावर रोज टँकर आणणार आहे का मी? पहिल्या सकाळी विहिरीत डोकावून ती माझ्याकडे बघेल, तेव्हा मी काय तोंड दाखवू?"

नातवापुढे भिकुबाईंचं काही चाललं नाही. त्या आत जाऊन बसल्या, जेवल्या नाहीत.

रविवारी सकाळी नवल आला. विहिरीत टेप सोडली, तळाच्या चिखलाचे फोटो काढले आणि बाजूला लिंबाखाली जाऊन लिहीत बसला. तो लिहितोय तोवरच प्रेमराजांची गाडी आली. गाव श्वास रोखून उभं. किरण शिकलेली, पाचोऱ्याला बँकेत नोकरीला. चहा घेतला, घर पाहिलं, भूपेंद्रशी दोन शब्द बोलली, हसलीसुद्धा. मग प्रेमराज कौतुकाने म्हणाले, "चल, तुला विहीर दाखवतो. काय पाणी आहे!"

ताईच उठल्या. "चला, मी दाखवते."

काठावरून वाकून बघितलं आणि प्रेमराजांचा चेहरा उतरला. "हे काय? परवा तर..."

"परवा टँकर ओतला होता," ताईंनी सांगून टाकलं. "खरी विहीर ही आहे. वरच्या नाल्यावर बंधारे व्हावेत म्हणून आज पाहणी आहे. होतील असं वाटतं, पण मी शब्द देऊ शकत नाही."

प्रेमराज संतापले. ते संतापणारच, त्यांच्या जागी कुणीही संतापलं असतं. "चल किरण," म्हणाले, "अशा गावात बोलणंसुद्धा नको." पण किरण हलली नाही. ती ताईंकडे बघत होती.

"तुम्ही पाचोऱ्याकडच्याच ना? तुम्हाला आधी ठाऊक असतं, तर आला असता या गावात?"

मागे सगळं सासर उभं होतं. दीर, जाऊ, नाना, आणि काठी टेकत मागून आलेल्या भिकुबाई. खोटं बोलणं सोपं होतं. पण बाई त्रुटीबाई होती.

"नसते आले," ताई म्हणाल्या.

काठी वाजली. ताईंना वाटलं, आता म्हातारी चारचौघांत तोंड सोडणार. भिकुबाई विहिरीच्या काठाशी आल्या, कठड्यावर हात टेकून आत बघत राहिल्या.

"मी बी नही येती," त्या म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"मना बापले बी भरेलच दखाडेल व्हती. तवय टँकर नव्हता. गावनी एक बी बाईनी घागर बुडाई नही, म्हनीसन भरेल दिसनी." मग सुनेकडे न बघताच म्हणाल्या, "नंतर तुना बाप उना, तवय ती घागर मी बुडाई नही. माले ठाऊक व्हतं वं माय. बठ्ठं ठाऊक व्हतं."

ताईंनी काय करावं? त्यांनी सासूचा तो कठड्यावरचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आणि दोघी तिथेच, पाहुण्यांसमोर, लाज न बाळगता रडल्या.

किरणने वडिलांना बाजूला नेलं, बराच वेळ बोलत राहिली. परत आली ती भूपेंद्रसमोर उभी राहिली. "मला तुमच्या घरचं खरं बोलणं आवडलं. पण डोक्यावर हंडा मी घेणार नाही. विहिरीला पाझर फुटू द्या, मग तारीख काढा."

"आणि नाही फुटला तर?" भूपेंद्रने विचारलं.

"तर तुम्ही पाचोऱ्याला या. तिथेही माणसंच राहतात." गावातली पोरं खुदकन हसली. प्रेमराज मात्र हसले नाहीत. ते जाताना कुणाशी नीट बोललेही नाहीत.

सोमवारच्या बैठकीत खैरपिंपळ्याचं नाव आलं तेव्हा ताई उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. नवलने काम पात्र म्हणून मांडलं. पावसाच्या आधी चार बंधारे पुरे झाले, एक अर्धा राहिला. कंत्राटदार कुठला वेळेवर पुरं करतो? तरी पाऊस बरा झाला.

पुढच्या वैशाखात, आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया झाल्यावर, लग्न निघालं. ताई हळदीच्या दिवशी गावात पोचल्या. पाचोऱ्याकडची वऱ्हाडी मंडळी येऊन मांडवात बसली होती, तिथून विहीर सरळ समोर दिसत होती. आणि विहिरीवर बायकांची ही गर्दी! पाणी काही पायऱ्यांपर्यंत नव्हतं, कमरेइतकंच असेल, पण होतं ते खालच्या पाझराचं होतं. जुन्या सवयीने दोन-चार म्हाताऱ्या घागरी घेऊन मागेच थांबल्या होत्या. पाहुणे बसलेत, त्यांच्यादेखत पाणी कमी कसं करायचं?

भिकुबाई कठड्याशी काठी आपटत उभ्या होत्या. "शेंदा वं माय, शेंदा!" त्या ओरडत होत्या. "पाव्हना देखतस ते देखू द्या!"

मग त्यांचं लक्ष ताईंकडे गेलं. त्यांनी दोराचं टोक सुनेच्या हातात दिलं. ताईंनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि पोहरा विहिरीत सोडला.